रस्त्याखाली गेलेले उंबरठे : तलाव गल्लीच्या प्रकल्प नोंदी

आमचं गाव झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातलं, तालुक्याचं ठिकाण. आधी ग्रामपंचायत होती, मग नगर पंचायत झाली. १७ प्रभाग, १७ नगरसेवक आणि एक स्थापत्य अभियंता, म्हणजे मी. कामाची लांबी, रुंदी, जाडी एम.बी.मध्ये, म्हणजे मोजमाप पुस्तकात चढते. काम तसंच का केलं, कुठे चुकलं, कोण काय बोललं हे तिथे लिहायला जागा नसते. माझ्यानंतर या टेबलावर बसणाऱ्याला ते कळलं पाहिजे, म्हणून या नोंदी.

८ जानेवारी

चावडीपासून तलावापर्यंतची गल्ली पायी पाहिली. लांबी ३१० मीटर, दोन्ही बाजूंची मिळून ६८ घरं. टेबलावर तयार अंदाजपत्रक आहे : ‘अस्तित्वातील रस्त्यावर १५० मिमी जाडीचे सिमेंट काँक्रीट’. मागच्या वेळीही असंच होतं, त्याच्या मागच्या वेळीही.

गल्लीच्या मध्यावर एका आजींचं कौलारू घर आहे. दारात विटांचा एक फूट उंच बांध घातलेला, त्यावर पोतं. मी विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, “मॅडम, हे घर बांधलं तवा तीन पायऱ्या चढून घरात यावं लागे. आता रस्त्यावरून खाली उतरा लागते. आमचं घर का जमिनीत गेलं का?” घर आहे तिथेच आहे. रस्ता वर आला. पावसाळ्यात धानाचे कट्टे, म्हणजे पोती, पाटावर, पाट विटांवर आणि रात्रभर कुणीतरी जागं.

टेप लावून पाहिला. त्यांचा उंबरठा रस्त्याच्या २० सेंटीमीटर खाली. त्यावर आणखी १५ सेंटीमीटर काँक्रीट टाकायचं, असं माझ्या टेबलावरचा कागद सांगतो.

११ जानेवारी

ऑटो लेव्हल, म्हणजे जागांच्या उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, लावली. चावडीच्या जोत्याचा कोपऱ्यातला दगड कुणी हलवणार नाही, म्हणून त्याचीच उंची १००.००० मीटर धरली, बाकी सगळे आकडे त्यावरून. दर १० मीटरवर रस्त्याचा मध्य, नालीचा तळ आणि प्रत्येक घराचा उंबरठा, असं दिवसभर वाचन घेतलं. स्टाफ, म्हणजे आकड्यांची उभी मोजपट्टी, धरायला मुकादम आणि दोन पोरं होती. दुपारपर्यंत अर्धी गल्ली स्वतःच्या उंबरठ्याचा आकडा विचारायला येऊन गेली.

संध्याकाळी आकडे मांडले. ६८ पैकी ४१ उंबरठे रस्त्याच्या खाली. नालीचं तर आणखी वाईट. चावडीपासून १८० मीटरवरचा तिचा तळ २४० मीटरवरच्या तळापेक्षा १४ सेंटीमीटर खोल आहे. म्हणजे मधल्या ६० मीटरमधलं पाणी चढ चढल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही. सफाई कामगार दर आठवड्याला त्याच जागी गाळ काढतात आणि दर आठवड्याला तिथेच पाणी काळं होतं. आपण त्यांना बोलत आलो की काम नीट करत नाही. मीसुद्धा बोलले आहे. उद्या त्यांना हे आकडे दाखवणार आहे.

१२ जानेवारी

१५० मीटरवर एक चाचणी खड्डा घेतला. पहारीनं वरचा थर फुटता फुटेना. पण खड्डा झाल्यावर गावाचा सगळा कारभार त्यात उभा दिसला. वरून १५० मिमी काँक्रीट. त्याखाली १०० मिमी जुनं काँक्रीट, भुसभुशीत, हातानं चुरा होणारं. त्याखाली डांबराचे थर, मिळून ७० मिमी. त्याखाली १०० मिमी खडी. आणि सगळ्यात तळाशी बैलगाड्यांच्या चाकांनी दाबलेला लाल मुरूम. एकूण ४२० मिमी. आजींच्या तीन पायऱ्या इथे गाडलेल्या आहेत.

मुरमाखाली कन्हार माती लागली. आपल्याकडे जुनी माणसं मातीला नावानं ओळखतात : कन्हार, मोरांड, सिहार, खरडी. कन्हार काळी, चिकट, ओल आली की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर पातळ काँक्रीट टाकलं की दोन उन्हाळ्यांत तडकतं, मग तक्रार होते, मग त्यावर नवा थर. रस्ता वर येत जाण्याचं खरं कारण तळातली ही माती आहे. तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

२० जानेवारी

मुख्याधिकाऱ्यांपुढे म्हणणं मांडलं : जुने थर तोडून काढायचे, कन्हारावर नीट दाबलेला मुरूम टाकायचा आणि नवा रस्ता आजच्या रस्त्यापेक्षा ३३ सेंटीमीटर खाली ठेवायचा. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न केला, “पैसे?”

तोच खरा प्रश्न. तोडकाम, मलबा वाहतूक, मुरूम हे मूळ अंदाजपत्रकात नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) ६० टक्के निधी बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. रस्ता उरलेल्या अबंधित ४० टक्क्यांतून करायचा आणि त्या हिश्श्यावर सगळ्या गावाचा डोळा. हिशेब करून पाहिला. तेवढ्याच रकमेत नाली पूर्ण ३१० मीटर होते, पण रस्ता १९०च मीटर. १२० मीटर पुढच्या वर्षावर.

आणि तो १९० मीटर कुठून मोजायचा? नाली नेहमी पाणी पडतं तिथून सुरू करतात, खालून वर. वरून सुरू केली तर बांधलेल्या नालीचं पाणी न बांधलेल्या टोकाशी तुंबून राहतं. म्हणजे रस्ता आधी तलावाकडच्या घरांना आणि चावडीकडच्या लोकांनी थांबायचं. चावडीजवळ दुकानं आहेत, पक्की दोन मजली घरं आहेत, शब्दाला वजन असलेली माणसं आहेत. आजवर प्रत्येक कामाचा नारळ चौकात फुटला आहे.

२ फेब्रुवारी

सभा पाच तास चालली. चावडीकडच्या एका काकाजींनी विचारलं, “आमी टॅक्स भरतो ना मॅडम? मंग आमचा रस्ता कावून नाही?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना ११ जानेवारीचा आलेख दाखवला. त्यांच्या घराचा उंबरठा आजही रस्त्याच्या ४० सेंटीमीटर वर आहे. गल्लीतला सर्वांत खालचा उंबरठा रस्त्याच्या ३१ सेंटीमीटर खाली. ते बराच वेळ कागद पाहत राहिले. राजी झाले असं म्हणणार नाही. पण विरोधात हात वर केला नाही.

सुधारित अंदाजपत्रक, पुन्हा तांत्रिक मान्यता, पुन्हा प्रशासकीय मान्यता. निविदा उघडून काम सुरू व्हायला मार्चअखेर उजाडेल. जुलैत धानाची रोवणी (लावणी) लागली की मजूर मिळणार नाही. हातात तीन महिने.

९ फेब्रुवारी

पाण्याचं पाहायला गेले आणि रस्त्यापेक्षा मोठं दुखणं सापडलं.

गल्लीत ५३ नळजोडण्या. व्हॉल्व्हमनला सोबत घेऊन एकेक पाहिली. ३७ जोडण्यांचे पाईप नालीतून जातात. नालीच्या कडेनं नव्हे, नालीच्या आतून, सांडपाण्यात बुडालेले. बरेच जुने जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाईप, गंजून चाळण झालेले. काहींना सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली.

आमच्याकडे नळ सकाळी तासभर येतो. त्या तासात पाईपात दाब असतो, भोकातून पाणी बाहेर पडतं, नालीतलं आत येत नाही. उरलेल्या २३ तासांत पाईप रिकामा होतो आणि रिकामा होताना भोकातून बाहेरचं आत ओढतो. त्यात ज्यांनी नळाला टिल्लू पंप लावलाय, त्यांचा पंप चालू झाला की शेजारच्याच्या पाईपातलं पाणीही खेचलं जातं आणि त्यासोबत नालीतलंही. टिल्लू लावणारा माणूस वाईट असतो असं नाही. शेवटच्या घराला दाबच मिळत नाही, म्हणून तो लावतो.

ओटी टेस्ट घेतली : नमुन्यात औषधाचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. टाकीखालच्या नळाचा नमुना छान पिवळा. गल्लीच्या सुरुवातीला फिकट. शेवटच्या चार घरांत रंगच नाही. शेवटच्या नळाला दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे, तेवढंही तिथे नाही. पाईपात शिरलेली घाण क्लोरीन खाऊन टाकते. आपण टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वाढवत राहतो, टाकीजवळच्या लोकांना वास येतो आणि शेवटची घरं तशीच राहतात. टीसीएलचंही तेच : ताजी पावडर साधारण ३३ टक्के क्लोरीनची, पण आमच्या गोदामात पोती उघडी आणि ओल लागलेली. आजच पत्र्याचे डबे मागवले.

ठरवलं : नाली बांधायच्या आधी ५३ही जोडण्या नालीबाहेरून, नव्या एमडीपीई (प्लास्टिकच्या) पाईपानं. हा खर्च बंधित निधीतून बसतो.

१६ फेब्रुवारी

नाली शेवटी तलावात पडते. तलावाचा विचार न करता नाली बांधणं म्हणजे गल्लीची घाण अधिक वेगानं तलावात पोचवणं.

हा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं यांतले कितीतरी बांधले. नवेगावबांधचा एवढा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. ज्यानं तलाव बांधला त्याच्याकडे जमीन आणि गावाला पाण्याचा हक्क, निस्तार, अशी ती रीत होती. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, दुरुस्त करायला घरटी माणूस जायचा. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारचे झाले. पाळीवर माती टाकायला घरटी माणूस जाणं तेव्हापासून हळूहळू बंद पडत गेलं. आता १०० हेक्टरपर्यंत सिंचन असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. तलाव आमच्या हद्दीत, घाण आमची, पण फावडं मारायचं तर ना-हरकत तिथून.

आज एका वयस्क ढिवर (मच्छीमार समाजाच्या) काकाजींनी पाळीवर नेऊन तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायची जुनी रचना, दाखवलं. झुडपात पार बुजलेलं होतं. दगडचुन्याचं बांधकाम, एकाखाली एक भोकं. पाणी उतरेल तसं वरचं भोक सोडून खालचं उघडायचं, म्हणजे नेहमी वरचं पाणी पाटात जातं. कुठलं यंत्र नाही, लाकडी गुट्टे फक्त. मी शिकलेल्या कुठल्याही पुस्तकात याचं चित्र नव्हतं. काकाजी म्हणाले, “आमच्या आज्यानं पाह्यलं याचं पानी सोडताना. मी नाही पाह्यलं.”

नाली जिथे पडते तिथे तलावाचा कोपरा बेशरमच्या झुडपांनी भरलाय. आत गेलो की पाय गुडघ्यापर्यंत गाळात. मच्छीमार संस्थेचे लोक म्हणतात, या कोपऱ्यात मासोळी येतच नाही.

२३ फेब्रुवारी

कोपऱ्याचं रेखाटन तयार. नालीच्या तोंडाशी लोखंडी जाळी, मग दोन खणांचा गाळ बसण्याचा हौद, मग खडीची उथळ चर आणि तिच्यात पाणकणीस व कर्दळ. तिथून निवळलेलं पाणी तलावात. घरोघरच्या शोषखड्ड्यांचाही विचार केला होता, पण कन्हारात शोषखड्डा म्हणजे पाण्याचं भांडं. खरडी माती असती तर आधी तेच केलं असतं.

२७ मार्च

कार्यारंभ आदेश निघाला. नारळ तलावाकडच्या टोकाला फुटला. आजींच्या हातानं फोडावा असं नगरसेविकाबाईंनीच सुचवलं.

३ एप्रिल

चूक झाली आणि ती माझी. ब्रेकरनं काँक्रीट फोडताना २१० मीटरवर मुख्य जलवाहिनी फुटली. नकाशात ती डाव्या बाजूला होती, प्रत्यक्षात उजवीकडे. व्हॉल्व्हमनला ठाऊक होतं, पण त्या दिवशी तो दुसऱ्या टोकाला होता आणि मी त्याला न विचारता नकाशावर विसंबून खुणा केल्या. दोन दिवस अर्ध्या गावाला पाणी नाही. ऐन एप्रिलात. टँकर फिरवले. हापसीवर रांगा लागल्या. लोक बोलले, बोलायलाच हवं होतं.

आजपासून नियम : व्हॉल्व्हमन हजर असल्याशिवाय ब्रेकर सुरू होणार नाही. त्यानं २६ वर्षांत डोक्यात साठवलेला नकाशा मी रोज संध्याकाळी अर्धा तास त्याच्यासोबत बसून कागदावर उतरवतेय.

११ एप्रिल

नालीचा तळ पडायला लागला. तलावाकडचा तळ ९८.१६, चावडीकडचा ९९.४०. ३१० मीटरमध्ये १.२४ मीटर उतार, म्हणजे २५० ला १. एवढ्यात गाळ वाहून जातो. दर ५ मीटरवर खुंटी, खुंटीला दोरी. मिस्त्री ऑटो लेव्हलवर विश्वास ठेवत नाहीत, पारदर्शक नळीत पाणी भरून स्वतः तपासतात. दोघांचे आकडे जुळले की मला बरं वाटतं, त्यांनाही.

१९ एप्रिल

७० ते ८२ मीटरच्या टप्प्यात तळ २० मिमी उलटा गेला. संध्याकाळी खुंट्या कुणाच्या तरी गुराढोरांनी हलवल्या, सकाळी कुणी तपासल्या नाहीत. ठेकेदार म्हणाले, “मॅडम, दोन सेंटीमीटरनं का होते?” बादलीभर पाणी ओतून दाखवलं. ते थांबलं, पुढे सरलं नाही. जुन्या नालीतले ते १४ सेंटीमीटर एका दिवसात झाले नसतील, असेच दोन-दोन करून झाले असतील. १२ मीटर तोडून पुन्हा केलं. खर्च ठेकेदारांनीच सोसला, कुरकुर न करता.

२८ एप्रिल

नळजोडण्या संपल्या. ५३ च्या ५३ नालीबाहेर. नालीवर सुटी झाकणं, दोन माणसांना सहज उचलता येतील एवढीच. सफाई कामगारांनी आधीच सांगितलं होतं की सलग स्लॅब टाकला तर आत उतरावं लागेल. आत कुणीही उतरायचं नाही, हे या रचनेत पहिल्यापासून धरलेलं आहे.

१४ मे

दुपारी ४४ अंश. अशा उन्हात काँक्रीट टाकलं तर पाणी उडून जातं, वर जाळीदार भेगा पडतात आणि मजुराचाही जीव जातो. काम संध्याकाळी सहाला सुरू, रात्री दोनला बंद. खडीच्या ढिगावर दुपारभर पाणी मारून ती थंड ठेवली. हॅलोजन लावले. गल्लीतल्या बाया रात्री अकराला आंबील घेऊन आल्या. पोरं झोपेनात, जाऊन जाऊन पाहत होती.

एम-३० काँक्रीट (२८ दिवसांनी ताकद प्रति चौरस मिमी ३० न्यूटन), १८० मिमी. दर ४ मीटरवर काप, तडा गेलाच तर तिथेच जावा म्हणून. ताकद तपासायला ६ ठोकळे घेतले, तीन ७ दिवसांचे, तीन २८ दिवसांचे.

१६ मे

पाणी मारण्याचं. रस्ता बांधणारे मरमर काम करतात आणि मग रस्ता पाण्यावाचून मरतो, हे मी फार वेळा पाहिलंय. गोणपाट पुरेना. शेजारच्या वाडीतून दोन बंड्या (बैलगाड्या) तणस, म्हणजे पेंढा, आली. धानाची तणस पाणी धरून ठेवते, दुपारी हात लावला तर खाली गारवा होता. कडेनं मातीचे आळे. घरं वाटून दिली, प्रत्येकानं आपल्या दारापुढचं ओलं ठेवायचं. २१ दिवस. आजी सकाळी पाचला बादली घेऊन उभ्या असतात. मी त्यांना दोनदा म्हटलं की पाईप आहे, मजूर आहे. ऐकत नाहीत.

२१ मे

७ दिवसांचे ठोकळे : सरासरी २१.८ न्यूटन. ठीक.

४ जून

रस्ता १९० मीटर पूर्ण. जुना उंच रस्ता आणि नवा खालचा यांच्यात ३३ सेंटीमीटरची पायरी राहते, ती ६.६ मीटरच्या उतारानं जोडली. हा उतार मला आवडत नाही. रात्री मोटारसायकलवाल्याला तो दिसला पाहिजे, म्हणून पांढरे पट्टे आणि एक दिवा. वरचा रस्ता झाला की तो जाईल.

उंबरठे पुन्हा मोजले. ४१ पैकी ३५ वर आले. आजींचा आता रस्त्यापेक्षा १३ सेंटीमीटर उंच. सहा घरं अजूनही खालीच. त्यातलं एक बोळात खूप आत आहे. त्याच्या दारापुढे आडवी जाळीची चर टाकली, ती नालीला जोडली.

१२ जून

२८ दिवसांचे ठोकळे ३४ न्यूटनच्या वर. मृगाचा पाऊस नाही. शेतकरी आभाळाकडे पाहून राहिलेत, पऱ्हे (धानाची रोपं) टाकायचे कधी. मलाही पाऊस हवाय, वेगळ्या कारणासाठी.

२४ जून

रात्री साडेतीनला पाऊस सुरू झाला. छत्री आणि टॉर्च घेऊन गेले. मुकादम आधीच तिथे होता.

पाणी नालीतून वाहताना त्याचा आवाज ऐकला. इतकी वर्षं या गल्लीत नालीचा आवाजच नव्हता, वास होता. २१५ मीटरवर एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला पाणी थांबलं, चार फुटांचं डबकं. नालीचं भोक रस्त्यापेक्षा बोटभर उंच राहिलंय. खडूनं खूण केली. आजींच्या घरात दिवा होता. दारातला विटांचा बांध त्यांनी अजून काढलेला नाही. म्हणाल्या, “एक पावसाळा पाहीन. मंग काढीन.” बरोबर आहे त्यांचं.

पहाटे तलावाकडे गेले तेव्हा जाळीवर प्लास्टिकचा गठ्ठा. पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल. हौदाचा पहिला खण अर्धा भरलेला, एका पावसात. मी १५ दिवसांनी गाळ काढायचा असं लिहिलं होतं. पावसाळ्यात ते दर तीन दिवसांनी करावं लागणार. घंटागाडीची फेरी या गल्लीत पहाटे सहाची केली, बाया शेतावर जायच्या आधी. पूर्वी ती नऊला यायची, तेव्हा घरं बंद असायची आणि कचरा नालीत जायचा.

११ जुलै

रोवणी जोरात. गल्लीत दिवसा माणूस नाही. हौद साफ करायलाही कुणी मिळेना, मग सफाई कर्मचाऱ्यांनी आणि आम्ही कार्यालयातल्या तिघांनी केला. पाणकणीस रुजलंय. कर्दळीची निम्मी रोपं वाहून गेली, खोल लावायला हवी होती.

२६ जुलै

दोन दिवस झड. रस्ते बंद, चुलबंद नदीला पूर. गल्लीत चावडीकडच्या १२० मीटरमधलं सगळं पाणी जुन्या उंच रस्त्यावरून धावत येऊन उताराशी आदळतं. तिथल्या दोन घरांच्या ओट्यावर पाणी चढलं. आधी चढत नव्हतं. मी खालच्यांचं पाणी कमी केलं आणि या दोघांचं वाढवलं. त्यांच्याकडे जाऊन बसले. रेतीची पोती लावली, दुसऱ्या दिवशी उताराच्या डोक्यावर रस्त्याला आडवी चर फोडून पाणी नालीत वळवलं. ही चर मूळ आराखड्यात हवी होती. माझ्या लक्षात आली नाही.

२ सप्टेंबर

शेवटच्या चार घरांत सलग सहा आठवडे ओटी टेस्ट पिवळी. आज व्हॉल्व्हमननं स्वतः नमुना हातात धरून फोटो काढायला सांगितला. टिल्लू पंप ११ घरांनी काढले, बाकीच्यांनी नाही. दाब अजून कमीच आहे. त्याला नवी टाकी लागेल, ते या कामाच्या आवाक्यातलं नाही.

तलाव सांडव्यावरून वाहतोय. ढिवर काकाजींनी कोपऱ्यात जाळं टाकून पाहिलं. दोन लहान मासोळ्या आल्या. त्यांनी त्या परत सोडल्या.

१८ ऑक्टोबर

पावसाळा संपल्यावर पूर्ण गल्ली पुन्हा लेव्हलनं मोजली. रस्ता कुठेही ४ मिमीपेक्षा जास्त बसलेला नाही. एका पट्ट्यात कोपऱ्यावर बारीक तडा, तिथे काप उशिरा घेतला होता, मला तारीख आठवते. दोषदायित्व कालावधीत ठेकेदारांनी दुरुस्त करायचा, नोटीस दिली. २१५ मीटरवरचं डबकं गेलं.

आजींनी बांध काढला. विटा दारात रचून ठेवल्यात, चूल बांधणार म्हणतात.

६ नोव्हेंबर

आज मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची आमच्याकडची जत्रा. गाव पाहुण्यांनी भरलंय, रात्री नाटक. गल्लीतून पाळण्याचे लोखंड घेऊन ट्रॅक्टर गेला, मी मुद्दाम थांबून पाहिलं.

सकाळी पाथरवटाला बोलावून दोन दगड बसवले, एक तलावाच्या टोकाला, एक आजींच्या घरासमोर. प्रत्येकावर आडवी रेघ आणि रस्त्याची पातळी कोरली. तलावाकडे ९८.७१, इथे ९९.०७. आजींनी विचारलं, “हे कायचं निशान?” म्हटलं, “आजी, रस्ता या रेघेच्या वर येऊ द्यायचा नाही. कुणी आणायला लागलं तर त्यांना हा दगड दाखवायचा.” त्यांनी नातवाला बोलावलं आणि त्याच्याकडून रेघेवर बोट फिरवून घेतलं.

दुपारी कार्यालयात बसून वरच्या १२० मीटरचं अंदाजपत्रक लिहायला घेतलं. बाब क्रमांक १ : अस्तित्वातील रस्ता तोडून, मलबा वाहून नेणे.